भिवापूरचे तूप

आमच्या घरात एखादी गोष्ट बिघडली की 'भिवापूर झालं' असे म्हणतात. पुरणपोळी फाटली, भिवापूर झालं. स्वेटरची एक बाही आखूड झाली, भिवापूर झालं. माझ्या आईने हा शब्दप्रयोग सुरू केला. आईला जाऊन पुष्कळ वर्षे झाली, पण तो टिकून आहे. माझी मुले तो म्हणतात, भावाची मुले म्हणतात, आणि आमच्याकडे चाळीस वर्षे येणारी शेजारची मंडळीही म्हणतात. भिवापूर हे माझ्या बायकोचे माहेर. ती स्वतःही म्हणते. हा प्रयोग ज्या घटनेवरून रूढ झाला ती जशी सांगितली जाते तशी घडली नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ते आता लिहून काढतो.

आमच्या लग्नानंतरची ती तिसरी दिवाळी. त्या काळी नागपुरात घरोघरी भट्टी नव्हती, आणि दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून मोहल्ल्यातली बेकरी घरगुती नानकटाई भाजून देत असे. मैदा, पिठीसाखर आणि तूप आपले न्यायचे. बेकरीतला माणूस मोठ्या परातीत तूप-साखर तळहाताने फेटायचा, मैदा मिसळायचा, आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडून भट्टीत सारायचा. पाच-पाच घरांचे ट्रे एकदम आत जात. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असे. कोणाचा वर अंगठ्याचा खळगा, कोणाचा काजूचा तुकडा. आमची खूण तीन चारोळ्या. बाकांवर बायका आपापली पाळी येईस्तोवर बसून राहत आणि दुसऱ्याच्या ट्रेकडे नीट बघत.

तूप त्या वर्षी भिवापूरहून आले होते. सासूबाईंनी घरच्या म्हशीचे तूप चार-पाच महिने साठवून, कडी असलेल्या स्टीलच्या डब्यात भरून, झाकणावर फडके बांधून पाठवले होते. सोबत लाल मिरचीचे पोते. मिरची दरवर्षी यायची, तूप पहिल्यांदाच. बायकोने तो डबा शेजारणींना उघडून दाखवला होता. वरून रवाळ, पिवळसर, आणि झाकण काढले की खोलीभर वास.

मी तेव्हा सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होतो. हात चांगला होता आणि मला आकाशकंदिलाचे वेड होते. दरवर्षी नवा आकार. आईला ते आवडत नसे. बांबूच्या कमट्या तासल्याने घरभर कचरा व्हायचा आणि घरातली कामे पडून राहायची. त्या दिवशी सकाळी तिने बजावले होते, "सिद्धा बेकरीत जाजो. कागद-बिगद आणाले फिरत बसू नको."

बेकरी घरापासून पायी पाच मिनिटांवर होती. मी स्कूटर काढली, मैदा-साखरेच्या पिशव्या पायांशी ठेवल्या, तुपाचा डबा समोरच्या आकड्याला अडकवला, आणि उलट्या दिशेने इतवारीला गेलो. मला जांभळा जिलेटिन कागद हवा होता. तो तिथल्या एकाच दुकानात मिळत असे, आणि दुसऱ्या दिवशी संपला असता.

गल्लीत स्कूटर उभी करून मी दुकानाच्या पायरीवर कागद निवडत होतो. पोती लादलेला एक हातठेला आला, त्याच्या टोकाने स्कूटरला धक्का लागला आणि ती आडवी झाली. झाकण उडाले. मी पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त तूप दगडांवर पसरले होते.

ठेलेवाला उलट मलाच म्हणाला, "रस्त्याच्या मधात गाडी लावता का, भाऊ? अन् वरतून तूप टांगून ठेवता!"

त्याचे बरोबर होते. मी डबा उचलला. आत चार बोटे तूप उरले होते. त्या वेळी घरी जाऊन सांगता आले असते. आई चार दिवस बोलली असती, बायको रडली असती, आणि विषय मिटला असता. पण समोर तेलाचे दुकान होते. मी शेंगदाण्याचे तेल घेऊन डबा आधी होता तितका भरला आणि कागदासोबत घेतलेल्या कमटीने ढवळला. दुकानात डालडाही होता. तो घेतला नाही, कारण त्याचे पांढरे गोळे वेगळे दिसले असते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. घाबरून काहीतरी करून बसलो असे म्हणायला जागा राहू नये. मी विचार करून केले.

बेकरीत पाळी आली. बेकरीवाले चाचा तूप-साखर फेटायला बसले. बराच वेळ हात मारून त्यांनी परात माझ्याकडे सरकवली.

"साब, फूल नहीं रहा. जितना मारो उतना पतला हो रहा. ये घी ही है ना?"

बाकावर सात-आठ बायका होत्या. सगळ्या ओळखीच्या. मी म्हणालो, "ससुराल का है. वैसा ही आता है."

"फैलेगा, बताके रखता हूं. बाद में मेरे नाम से मत रोना."

"मैदा थोडा ज्यादा डालो."

त्यांनी मैदा वाढवला. फारसा उपयोग झाला नाही. तासाभराने ट्रे बाहेर आले. चार घरांची नानकटाई गोल, फुगलेली, वर तडे गेलेली. आमच्या ट्रेमध्ये एकच एक चपटा थर होता आणि त्यावर ठराविक अंतराने तीन-तीन चारोळ्या. त्यामुळे कोणाचा ट्रे हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. चाचांनी सुरीने चौकोन कापून दिले. तेलाचा कच्चा वास येत होता.

घरी आईने नानकटाईचा डबा उघडला आणि एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला.

"काहून वं," ती माझ्या बायकोला म्हणाली, "तुह्या मायनं तूप धाडलं का कढईतलं उरलेलं तेल?"

"घरच्या म्हशीचं तूप आहे, आत्याबाई. माही माय कशाले भेसळ करन?"

"मले काय इचारतं? वरतून रवाळ, अन् खालतून तेल. बेकरीवालाच म्हणे का हे तूप नोहे. साऱ्या बायायनं आयकलं, येऊन सांगून गेल्या. तुह्या नवऱ्याले इचार, थो होता तिथं."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पातळच होतं."

एवढेच म्हणालो. त्यानंतर मी आतल्या खोलीत जाऊन कमट्या बांधायला बसलो. त्या वर्षीचा आकाशकंदील मी केलेल्यांत सर्वांत चांगला झाला. लोक रस्त्यात थांबून बघत होते. त्याच दिवाळीत घरी येणाऱ्या प्रत्येकापुढे आई नानकटाईचे ताट ठेवायची आणि सांगायची, "हे पाहा, भिवापूरचं तूप." लोक हसत. माझी बायको चहा घेऊन येत असे आणि ट्रे ठेवून आत जात असे.

भाऊबीजेला ती माहेरी गेली. जाताना तिने नानकटाईचा एक तुकडा कागदात बांधून नेला. परत आली तेव्हा एवढेच म्हणाली, "माय आता तूप धाडणार नाही." मी का म्हणून विचारले नाही. मला वाटले, सासूबाईंना राग आला असेल, आणि तो ओसरेल. तूप पुन्हा कधी आले नाही. मिरची येत राहिली. सासूबाई अठरा वर्षांनी गेल्या. त्या अठरा वर्षांत मी सासुरवाडीला तीस-चाळीस वेळा तरी गेलो असेन. त्यांनी मला वाढताना पोळीवर नेहमी स्वतःच्या हाताने तूप घातले. दर वेळी मी ते खाली मान घालून खाल्ले.

गेल्या दिवाळीत नात सुटीसाठी आली होती. ती अकरा वर्षांची आहे. आधी आम्ही दोघांनी आकाशकंदील केला. आता माझा हात थरथरतो. षटकोन करायला घेतला आणि त्याचा पाचकोनाहून वाईट असा एक आकार झाला. लटकवला तर एका बाजूला मान टाकून बसला. नात म्हणाली, "आजोबा, हा झोपलाय." मग तिने मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. मुलाने आम्हाला छोटा ओव्हन आणून दिला आहे. तिला व्हिडिओ बघून नानकटाई करायची होती. तिने तूप गरम करून पार पातळ केले आणि तसेच पिठात ओतले. बायको नको म्हणत होती. ट्रे बाहेर आला तेव्हा त्यात एकच एक थर होता.

मी टेबलाशी बसलो होतो. 

"भिवापूर झालं!" नात म्हणाली. मग तिने विचारले, "आजी, पण भिवापूर का म्हणतात?"

बायको सुरीने चौकोन कापत होती. तिने हात न थांबवता सांगितले, "माझ्या आईनं एकदा दिवाळीला तूप पाठवलं होतं. त्यात तेल मिसळलेलं निघालं. नानकटाई अशीच झाली होती."

"तुझ्या आईनं मिसळलं?"

"तिनं नाही मिसळलं. पण तिच्या घरून आलं ना. मग नाव तिचंच होणार."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. नातीने मान हलवली. आता ही गोष्ट आणखी साठ-सत्तर वर्षे टिकणार हे मला दिसले. मी म्हणालो, "तेल मी मिसळलं होतं."

बायकोला वाटले मी नातीची थट्टा करतो आहे. मग मी इतवारी, हातठेला, तेलाचे दुकान, सगळे ओळीने सांगितले. तिने सुरी खाली ठेवली. ओव्हनचे बटण बंद केले. नातीला बाहेर खेळायला पाठवले.

"कागद आणाले गेले होते तुमी?"

"हो."

"अन् तवा आत्याबाईनं इचारलं, तं म्हटलं पातळच होतं."

"हो."

"तिकडं काय झालं, माहीत आहे तुमाले?"

मला माहीत नव्हते. तिने सांगितले. भाऊबीजेला तिने तो तुकडा आईपुढे ठेवला. सासूबाईंनी वास घेतला, जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, हे तेल आहे. तूप त्यांनी स्वतः कढवले होते. डबा त्यांनी स्वतः भरला होता. भरल्यापासून पाठवेपर्यंत तो कोठीत होता, आणि कोठीची किल्ली त्यांच्याशिवाय एकीकडेच असे. ती म्हणजे माझ्या बायकोची वहिनी, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. सासूबाईंनी तिला शेजारणीसमोर विचारले, तूप काढून घेऊन डबा तेलाने भरला का? ती नाही म्हणाली. सासूबाईंनी किल्ली मागून घेतली. ती किल्ली सासूबाई जाईपर्यंत वहिनींना परत मिळाली नाही.

"आपल्या लेकराच्या पोळीवर तूप घालाचं तं तिले सासूले मागा लागे," बायको म्हणाली. "अठरा वर्सं. अन् मी दोन वर्सं तिच्यासंगं बोलली नाही. माह्या मायचं नाव खराब केलं म्हणून."

मी आजवर स्वतःशी जो हिशेब मांडत आलो होतो त्यात फक्त सासूबाई होत्या, त्याही आता नसलेल्या. वहिनी त्यात कुठेच नव्हत्या. त्या हयात आहेत. माझ्या मेव्हण्याच्या माघारी मुला-सुनेसोबत भिवापूरला राहतात.

"उद्या चला," बायको म्हणाली. "फोनवर नाही सांगाचं."

दुसऱ्या दिवशी नातीला शेजारी सोपवून आम्ही उमरेडमार्गे बसने गेलो. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. वहिनी ओसरीत सुपात मिरच्या घेऊन देठ खुडत होत्या.

"या जवाईबापू," त्या म्हणाल्या. "दिवाळी सरता सरता सासुरवाडी आठवली. चष्मा बदलला काय? मोठे साहेब दिसून राहिले."

मी चहाआधीच सांगितले. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलता आले नसते. त्या देठ खुडत राहिल्या. माझे संपल्यावर त्यांनी विचारले, "तेल कोणतं होतं?"

"शेंगदाण्याचं."

"तेच मी म्हणत होती." त्या आता सूप बाजूला ठेवून माझ्या बायकोकडे बघत होत्या. "आमच्या घरी तवा जवसाचं तेल राहे, बाई. शेंगदाण्याचं तेल घरातच नव्हतं. तुह्या मायनं वास घेतला अन् म्हणे, शेंगदाण्याचं आहे. मी म्हटलं, मंग मी आणलं कोठून? कोणी आयकलं नाही."

"वहिनी, मी पण नाही आयकलं," बायको म्हणाली.

"तू तं नाहीच आयकलं. तोंड फिरवून बसली होती, तुळशीपाशी."

मी म्हणालो, "म्हणून आज तुम्हाला सांगायला आलो."

"मले सांगून काय करता, जवाईबापू? मी नाही घेतलं हे मले तं माहीतच होतं." त्या उठल्या, हात पदराला पुसले. "चला. बाजूच्या बुडीले सांगा. तिच्यासमोर इचारलं होतं मले. बाकी सारे गेले, थेच एक उरली."

शेजारची म्हातारी अंगणात बाजेवर उन्हाला बसली होती. नव्वदीच्या पुढची, कानाने जवळजवळ ठार बहिरी. वहिनींनी मला तिच्या उशाशी उभे केले.

"कोन होय?" म्हातारीने विचारले.

"नागपूरचे जवाई! तुपाचं सांगाले आले!"

"तूप नाही घेत आमी."

"इकाले नाही आले! ते आमच्या घरचं तूप, दिवाळीचं, ज्याच्यात तेल निघालं होतं!"

म्हातारीने वहिनींकडे निरखून पाहिले. मग तिचा चेहरा उजळला. "हो हो. तूनं चोरलं होतं ना."

"मी नाही चोरलं वं माय! तेच तं सांगून राहिले. आयक!" वहिनींनी मला पुढे केले. "सांगा. जोरानं सांगा."

मी सांगितले. तिला ऐकू आले नाही. आणखी मोठ्याने सांगितले. समोरच्या घरातून दोघी बाहेर आल्या. रस्त्याने सायकलवर जाणारा एक माणूस पाय टेकून थांबला. "तूप माझ्या हातून सांडलं! तेल मी टाकलं! वहिनीनं काही केलं नाही!" हे मी तीनदा ओरडलो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने काही बोलल्याचे मला आठवत नाही.

म्हातारीला अखेर कळले. ती मला म्हणाली, "मंग इतके वर्सं कुठी होता गा?"

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ती वहिनींकडे वळली. "म्या तं चार घरी सांगतलं होतं वं बाई. थे चारही मरून गेले. आता कोनाले सांगू?"

त्यावर वहिनी हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, बराच वेळ. माझी बायको त्यांच्याजवळ गेली. ती हसत नव्हती. दोघी तशाच एकमेकींना धरून अंगणात उभ्या राहिल्या, आणि मी समोरच्या घराच्या बायकांना उगाचच नमस्कार केला.

जेवण झाले. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या.

"इकडलं तं झालं," त्या म्हणाल्या. "नागपूरचं काय? तुमच्या घरी काही बिघडलं का 'भिवापूर झालं' म्हणते ना सारे? बाईनं सांगतलं होतं मले मागं, हसता हसता. मी पण हसली होती."

मी म्हणालो, आता कोणी म्हणणार नाही.

"असं कसं? त्यायले कोन सांगन? तुमी घरोघरी जाऊन बोंबलनार हाय का?" त्यांनी फाटकाची कडी काढली. "तुमी कचेरीत होते. लिहाचं काम तुमाले जमते. लिहून धाडा साऱ्यायले. अन् एक मले धाडा. सून वाचून दाखवन."

परतीच्या बसमध्ये बायकोने एकच प्रश्न विचारला. "माफी मागतली का तुमी वहिनीले?"

मी आठवून पाहिले. ओसरीत सांगितले होते, अंगणात ओरडून सांगितले होते, जेवताना पुन्हा विषय निघाला होता. पण माफी मागितली नव्हती. सांगणे म्हणजेच ते झाले असे मी धरून चाललो होतो.  

वहिनींनी सांगितले म्हणून हे लिहिले. भावाच्या घरी, माझ्या दोन्ही मुलांकडे आणि मोहल्ल्यातल्या ज्या घरांत तो शब्द अजून बोलला जातो त्या सात घरी एकेक प्रत जाईल. यादी बायकोने केली आहे. आपल्याला बोलायची सवय आहे, ती एकदम सुटणार नाही. पण बोलताना ते माझ्या नावाने बोलावे.

वहिनींची प्रत मी पोस्टाने पाठवत नाही. ती घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा भिवापूरला जाणार आहे, या वेळी एकटा.